डावा तुमचा, उजवा माझा

"बोनेट चार फूट दोन इंच," उदाजी भोइटे म्हणाले आणि त्यांच्या हातातली टेप सर्रकन आत गेली. "म्हणजे झेंडूच्या तीन कुंड्या आरामात बसतात, शिंगटे. आणि इंजिन काढलं की आतल्या पोकळीत गुलबक्षीचा वाफाच करून टाकू."

धडधाकट माणसासमोर त्याच्या तिरडीचं माप घ्यावं, तसला तो प्रकार होता. पण बोलणार काय? शब्द मीच दिला होता.

ही गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची. ऑक्टोबरातली रविवारची सकाळ होती. कोयनेच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी भोइट्यांचं रिसॉर्ट आहे, त्याच्या गेटसमोर आम्ही उभे होतो. गेटच्या उजव्या अंगाला सिमेंटचा नवाकोरा ओटा बांधून तयार होता. अजून पाणी मारत होते, म्हणून त्यावर ओली गोणपाटं टाकलेली. संध्याकाळी माझी जीप त्या ओट्यावर चढणार होती आणि पुन्हा कधीच उतरणार नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांनी तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढायचे, एवढंच तिचं काम उरणार होतं.

"चला, बसा," माझी बायको वैजयंती मागच्या बाकावरून ओरडली. "बाराला बारसं आहे. पोरगी स्वतःच्या पायांनी पाळण्यात चढेल आपण पोचेपर्यंत."

तिच्याशेजारी माझ्या सासूबाई बसल्या होत्या. बहात्तर वर्षांच्या, हिरवी इरकली नेसलेल्या, आणि डोळे घट्ट मिटलेल्या. जीपमध्ये बसल्या की त्या नेहमीच डोळे मिटायच्या. माझ्या चालवण्याची धास्ती घेतात, असं मला वाटायचं आणि थोडा रागही यायचा. मी काही इतका वाईट चालवत नव्हतो.

आता जीपबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कराडला माझं चष्म्याचं दुकान. दिवसभर लोकांना खुर्चीत बसवायचं आणि "हे वाचता येतंय का? खालची ओळ?" असं विचारत राहायचं. असल्या माणसाच्या मनात डोंगरदऱ्यांशिवाय दुसरं काय येणार? एका बागायतदाराच्या मुलांनी वडिलांची पंचवीस वर्षांची हिरवी जीप काढायला ठेवली होती. मी बघायला म्हणून गेलो आणि तिच्यातच बसून घरी आलो. तिचं दार कमरेनं धक्का दिल्याशिवाय लागायचं नाही. हॉर्न डावीकडे वळतानाच वाजायचा. पुढची काच बोनेटवर आडवी पाडता यायची, आणि मग तोंडावर जो वारा यायचा, अहाहा! त्या वाऱ्यासाठी मी अख्खं दुकान ओवाळून टाकलं असतं.

आणि मुख्य म्हणजे ती फोर बाय फोर होती. चारही चाकांना जोर! गिअरच्या शेजारी एक छोटा दांडा होता. तो ओढला की खट्ट असा आवाज व्हायचा आणि माझी छाती दोन इंच फुगायची.

दर रविवारी सकाळी मी तिला आंघोळ घालायचो. पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध दोन पितळी चकत्या होत्या, मुठीएवढ्या, नक्षीदार. त्यावर काहीतरी झिजकी इंग्रजी अक्षरं होती. स्वयंपाकघरातून मूठभर चिंच आणून त्या चकत्या मी घासून अशा लखलखीत करायचो की समईनं लाजावं. "गेली पुन्हा माझी चिंच," असं सासूबाई व्हरांड्यातून म्हणायच्या आणि पेपरात तोंड घालायच्या.

एवढी जिवापाड जपूनही एका गोष्टीत माझं नाक कापलं जायचं. ही फोर बाय फोर जीप जिथेतिथे रुतायची. एकदा माळावर रुतली, एकदा नदीकाठी. आणि एकदा तर वैजू शिकवते त्या शाळेच्या मैदानावर, ध्वजारोहणाच्या दिवशी, सगळ्या पालकांदेखत. कवायतीची पोरं ढकलायला आली होती. वैजू त्यानंतर आठवडाभर माझ्याशी फक्त "भाजी संपलीय" एवढंच बोलली.

तिचा जीपवरचा राग तसा जुना होता. तिचे वडील, दौलतराव निकम, आरोग्य केंद्रात जीपचे ड्रायव्हर होते. "माझ्या बाबांचं अर्धं आयुष्य गाडीखाली उताणं गेलं," ती म्हणायची. "लहानपणी मला बाबांचे पायच जास्त ओळखीचे होते. आता नवऱ्याचेही पायच बघत बसू का?" दौलतराव असते तर त्यांनी माझी काही बाजू घेतली असती, पण जीप आली तेव्हा त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती.

शेवटी भोइटे चष्म्याची काडी बदलायला दुकानात आले, तेव्हा नेमकी वैजू तिथे होती. त्यांनी सहज विचारलं, "गेटवर ठेवायला एखादी जुनी जीप बघतोय, आहे का कुणाकडे?" वैजूनं माझ्याकडे पाहिलं. ध्वजारोहण मलाही आठवत होतं. मी मान डोलावली, आणि विषय संपला.

आंबेघळीचं आमंत्रण त्याच आठवड्यात आलं. सासूबाई, म्हणजे अनसूयाबाई, नर्स होत्या. तरुणपणी त्या डोंगरावरच्या वाड्यावस्त्यांवर बाळंतपणं करत हिंडायच्या. आंबेघळीच्या सरूबाईला पणती झाली होती आणि बाळाला पाळण्यात घालायला नर्सबाईच पाहिजेत, असा तिचा हट्ट होता. मी भाड्यानं चांगली गाडी करू म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, "नको. जीपनंच जायचं. जायचीच आहे ना ती? मग शेवटची मला आंबेघळीला नेऊन आणा." तेव्हा असं ठरलं, की जाताना भोइट्यांना बरोबर घ्यायचं, म्हणजे त्यांनाही गाडी चालताना बघता येईल. येताना जीप त्यांच्या दारात सोडायची, आणि त्यांच्या ड्रायव्हरनं आम्हाला कराडला पोचवायचं.

रिसॉर्टपासून दोन-तीन किलोमीटर डांबरी, आणि पुढे तांबडी खिंड. नाव अगदी खरं होतं. तांबड्या मातीचा उभा चढ, दोन दिवसांपूर्वी पाऊस होऊन गेलेला, आणि वर चिखलाचा गुळगुळीत थर.

"चढेल का?" भोइट्यांनी विचारलं. त्यांनी पांढरे बूट घातले होते.

"भोइटेसाहेब," मी म्हटलं, "फोर बाय फोर आहे!" आणि शेवटचं का होईना, म्हणून मोठ्या थाटात छोटा दांडा ओढला. खट्ट!

जीप वीसेक फूट चढली, मग थांबली, मग कुल्ले हलवत मागे घसरली. मी ॲक्सिलरेटर दाबला. मागच्या चाकांनी चिखलाचे फवारे उडवले आणि जागच्या जागी खड्डे खणायला सुरुवात केली. भोइटे बिचारे उतरून मागून ढकलू लागले. दोन मिनिटांत ते गळ्यापर्यंत तांबडे झाले.

मागून वैजूचा आवाज आला. एकच शब्द.

"ध्वजारोहण."

मला खरंच रडू येईल असं वाटलं. निदान शेवटच्या दिवशी तरी हिनं माझी लाज राखायला हवी होती. साडेअकरा वाजून गेले होते. वर आंबेघळीत पाळणा सजला असणार, आणि आम्ही खाली चिखलात. चालत जावं तर बहात्तर वर्षांच्या बाईला तो चढ झेपणारा नव्हता. मी पुन्हा एकदा दांडा मागेपुढे केला, पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला.

"जावईबापू, गाडी बंद करा."

मी मागे वळून पाहिलं. सासूबाईंचे डोळे मिटलेलेच होते.

"पुढची चाकं फिरत नाहीत," त्या म्हणाल्या.

"फिरतायत की, आई. चारही चाकांना जोर आहे."

"मी आवाजावरून सांगतेय. नुसती मागची रडतायत." त्यांनी डोळे उघडले. "हब लावलेत का?"

"काय लावलंय का?"

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या, जसं मी गिऱ्हाइकाकडे बघतो, सगळ्यात वरचं मोठं अक्षरही त्याला वाचता आलं नाही म्हणजे.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "खरंच ठाऊक नाही तुम्हाला?"

आणि वैजू "आई, आई, पाय घसरेल" म्हणेपर्यंत त्या खाली उतरल्यासुद्धा. इरकलीचे काठ वर खोचले, चपला पायरीवर काढून ठेवल्या, अनवाणी चिखलातून चालत डाव्या चाकाशी गेल्या आणि वाकल्या.

"हे. ज्याला दर रविवारी तुम्ही माझी चिंच फासता ते. ही शोभेची वस्तू नाही हो! हे हातानं फिरवून लॉक करायचं असतं, तेव्हा कुठे पुढच्या चाकांत जोर येतो. त्याशिवाय तुम्ही तो दांडा ओढता तो नुसता खुळखुळा."

मी चकतीजवळ गुडघ्यावर बसलो. तिरक्या उन्हात ती झिजकी अक्षरं दिसली. लॉक आणि फ्री. दोन वर्षं मी ती घासत होतो.

"दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावता," सासूबाई म्हणाल्या, "आणि स्वतःच्या चाकावरची चार अक्षरं नाही वाचलीत होय?"

वैजूला हसू फुटलं. मागून चिखलातून भोइटेही खो खो हसायला लागले. मग मलाही राहवेना. पण एक विचारलंच, "आई, मग दोन वर्षं बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असणार. एवढं पुजता त्याला दर रविवारी, म्हटलं भक्ताला देवाची ओळख काय करून द्यायची! आणि तुम्ही रुतायचात तेव्हा मी कधी बरोबर नव्हते." मग त्या एकदम नर्सबाईंच्या आवाजात म्हणाल्या, "चला, उजवा हब तुमचा. डावा मी घेते. नीट टोकापर्यंत फिरवा."

मी उजवीकडे गेलो. चकती घट्ट होती, पण फिरली. खट्ट. पलीकडूनही खट्ट असा आवाज आला. मी गाडीत चढायला वळलो, तर सासूबाई अजून चाकाशी वाकलेल्याच. उठेनात.

"काय झालं आई? कंबर धरली का?"

"नाही हो." त्या जरा घुटमळल्या. "लागला का, असं विचारायचं असतं."

"आं? बरं. लागला का?"

तेव्हा त्यांनी मान वर केली, बोनेटवरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "लागला." त्यांचा चेहरा काहीतरी निराळाच दिसत होता. मला वाटलं, दम लागला असेल.

मग जीप जी चढली म्हणता! पुढच्या चाकांनी माती धरली, एकदा घसरली, पुन्हा धरली, आणि माझी ती म्हातारी गुरगुरत, कुठेही घाई न करता, चढ चढून गेली. थांबायची हिंमत मला झाली नाही, त्यामुळे भोइटे बूट हातात घेऊन मागून धावत आले. खिंडीच्या माथ्यावर मी गाडी थांबवली. इतका आनंद मला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. हे मी मोठ्यानं म्हणालो, आणि वैजूनं पाठीत गुद्दा घातला.

पण आनंदाच्या मागोमाग ते दुसरं आलंच. संध्याकाळी हिला ओट्यावर चढवायची होती. आणि आज मला पहिल्यांदा कळलं होतं, की ही जीप कधीच नालायक नव्हती. नालायक मी होतो.

बारसं झोकात झालं. सासूबाईंनी बाळाला पाळण्यात घातलं, कानात कुर्र केलं. मग पंगत उठल्यावर सरूबाई त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. सत्तरीची असेल, पण आवाज खणखणीत.

"बाई, डायवरसायब न्हाई आलं?"

"ते गेले गं, सरू. अकरा वर्षं झाली."

"आगं आई." मग वैजूकडे वळून तोंडाला पदर लावत म्हणाली, "तुझी आय लगीन व्हायच्या आधी हितं यायची ना, तवा आमी पोरी खिंडीच्या वरनं बघत बसायचो. खाली जीप थांबली की ही दोघं दोन बाजूंनी उतरायची, दोन चाकांपाशी वाकायची. आन् मंग उभी ऱ्हाऊन हसायची. चाकात हसण्यासारखं काय असतंय, आमाला काय कळंना!"

वैजूच्या हातातला पेढा तसाच राहिला. "लग्नाआधी? आई, तुमचं तर बघून ठरलं होतं ना? आजी सांगायची, कांदेपोहे झाले होते म्हणून."

"पोहे केले होते," सासूबाई म्हणाल्या आणि साडीची निरी सारखी करायला लागल्या. "दाखवण्यापुरते."

मी आयुष्यात पहिल्यांदा सासूबाईंना लाजताना पाहिलं. फार गोड दिसल्या.

परतताना भोइटे रंगात आले होते. "शिंगटे, मी ठरवलंय. इंजिन काढायचं नाही. इंजिनासकट ठेवायची आणि वर पाटी लावायची: तांबडी खिंड चढलेली जीप." त्यांना खरोखर माझ्यावर उपकार केल्यासारखं वाटत होतं.

खिंड उतरून डांबरी लागली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "थांबा. डांबरीवर हब सोडायचे असतात."

मी उतरलो. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी वैजूला कोपरानं ढोसलं. "उतर. डावा तुझा."

"मी? आई, ही पैठणी आहे!"

"माझी तेव्हा एकच धड साडी होती. उतर."

दोन वर्षांत जीपच्या साध्या टोपणालाही हात न लावलेली माझी बायको पैठणी सावरत उतरली आणि डाव्या चाकाशी वाकली. मी उजव्या. माझा फिरला. पलीकडून जरा धडपड ऐकू आली, एक "शी बाई" ऐकू आली, आणि मग खट्ट. मला शिकवल्याप्रमाणे मी विचारलं, "सुटला का?"

"सुटला," वैजू म्हणाली आणि उभी राहिली. गालाला ग्रीस लागलं होतं. मग ती आईकडे वळली. "पण आई, खट्ट असा आवाज चांगला ऐकू येतो की. मग बाबा विचारायचे कशाला?"

समोरच्या काचेतून सासूबाई चिखलानं माखलेल्या बोनेटकडे बघत होत्या.

"मीही एकदा तेच विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "सहा महिने रोज डावा तुमचा, उजवा माझा, आणि रोज ते लागला का, लागला का. मी म्हटलं, निकम, तुम्ही बहिरे आहात का? तर म्हणाले, बहिरा नाही. पण विचारल्याशिवाय तुम्ही मान वर करत नाही."

वैजू तशीच उभी राहिली. तिनं काही पुसलं नाही, ग्रीसही नाही आणि डोळेही नाहीत.

"ह्या गाडीच्या आवाजासाठीच मी डोळे मिटून बसते," सासूबाई म्हणाल्या. "जावईबापूंना वाटतं, मी घाबरते. डोळे मिटले की निकमच गाडी चालवतायत असं वाटतं. आता गाडी गेली तरी काही नाही, आज आंबेघळीलाही जाऊन आले. चला, भोइट्यांना उशीर होतोय."

रिसॉर्टच्या गेटशी ओट्यावरची गोणपाटं काढलेली होती. दोन गडी जीप चढवायला फळ्या घेऊन उभे होते. मी इंजिन बंद केलं आणि चावी काढली. भोइट्यांनी हात पुढे केला.

त्या हातात चावी पडायच्या आधीच वैजूनं ती माझ्या बोटांतून काढून घेतली.

"भाऊ," ती म्हणाली, "शब्द ह्यांनी दिला होता. मोडतेय मी. राग माझ्यावर धरा."

"अहो वहिनी, पण तुम्हीच तर..."

"हो, मीच. तेव्हा मला माहीत नव्हतं."

"काय माहीत नव्हतं?"

वैजूनं चावी पदराच्या टोकाला बांधली. भोइट्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा काढून पुसत होतो, त्यामुळे मला काहीच दिसत नव्हतं.

"आणि हा ओटा?" भोइटे काकुळतीला आले. "एवढा बांधलाय त्याचं मी काय करू?"

"तुळस लावा," मागून सासूबाई म्हणाल्या. डोळे पुन्हा मिटलेले होते.

भोइटे महिनाभर रुसले होते. मग नवा नंबर काढायला दुकानात आले आणि स्वतःच हसले. ओट्यावर आता सिमेंटचा हत्ती आहे.

सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली. जीप अजून आहे, दार अजून कमरेनंच लावावं लागतं. दर ऑक्टोबरात आम्ही दोघं आंबेघळीला जातो. तांबड्या खिंडीत आता काँक्रीटचा रस्ता झालाय, कुठलीही गाडी सुळकन वर जाते. हबची काही गरज उरलेली नाही.

तरी पायथ्याशी मी गाडी थांबवतो. वैजू न सांगता डावीकडून उतरते, मी उजवीकडून. माझा फिरतो, खट्ट. तिचा फिरतो, खट्ट. मला अगदी स्वच्छ ऐकू येतं.

"लागला का?" मी विचारतो.

आणि वैजू मान वर करते.